पथरी फोडणारा लेझर काचेच्या तारेतून जातो, मग ती तार का जळत नाही?

मे महिना. यवतमाळमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास. शेतात, बांधकामावर किंवा विटांच्या भट्टीवर दिवसभर घाम गाळायचा आणि पाणी मात्र घोटभरच प्यायचं, हे इथे अनेकांचं नेहमीचं आहे. घामावाटे पाणी निघून जातं, लघवी कमी आणि घट्ट होते, त्यातले क्षार साचून खडे बनतात. मग एका रात्री कमरेतून जांघेकडे अशी कळ जाते की माणूस अंथरुणात तळमळत राहतो. सोनोग्राफीत निदान होतं. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला मुतखडा म्हणतात, त्याला विदर्भात सरळ 'पथरी' म्हणतात.

लहान खडा भरपूर पाणी आणि औषधांनी अनेकदा आपोआप पडतो. तो मोठा असेल किंवा अडकला असेल तर डॉक्टर सांगतात, "दुर्बिणीने जाऊन लेझरने फोडू." मग कुणी यवतमाळमध्येच उपचार घेतो, कुणी सावंगी, अमरावती किंवा नागपूर गाठतो. नातेवाइकांचे प्रश्न ठरलेले असतात: चिरा द्यावा लागेल का? किती दिवस राहावं लागेल? खर्च किती?

एक प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही. दगड फोडणारा हा लेझर किडनीपर्यंत जातो काचेच्या एका बारीक तारेतून. दगडाचे तुकडे करणारा प्रकाश त्या काचेला काहीच कसं करत नाही? आणि ती तार पोटात असतानाच जळली किंवा तुटली तर?

मंडळी, या प्रश्नाचं उत्तर शोधायला शास्त्रज्ञांना बरीच वर्षं लागली. ते उत्तर कळलं की लेझर ऑपरेशनमध्ये डॉक्टर इतकी काळजी नेमकी कशाची घेतात, हेही कळतं.

लेझर पथरीपर्यंत पोहोचतो कसा?

लेझरचं मशीन ऑपरेशन थिएटरमध्ये पेशंटच्या शेजारी उभं असतं. त्यातून निघालेला प्रकाश ऑप्टिकल फायबरमध्ये शिरतो. हे फायबर दुर्बिणीच्या आतल्या बारीक नळीतून सरकवतात. दुर्बीण लघवीच्या मार्गाने मूत्राशयात, तिथून मूत्रवाहिनीत आणि गरज पडली तर थेट किडनीत जाते. बाहेर कुठेही चिरा नसतो.

किडनीत वळू शकणाऱ्या लवचीक दुर्बिणीतली ही नळी साधारण १.२ मिलिमीटर रुंद असते. त्यातूनच फायबर जायचं आणि उरलेल्या जागेतून सलाईनचं पाणीही वाहायचं. म्हणून फायबर बारीकच लागतं. त्याचा काचेचा गाभा बहुतेक वेळा २०० ते ३६५ मायक्रॉनचा असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस सुमारे ७० ते १०० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे हा गाभा दोन-चार केस एकत्र धरल्याएवढा.

फायबरची रचना साधी असते. मधोमध अतिशुद्ध काचेचा गाभा, त्याभोवती थोड्या वेगळ्या काचेचं वेष्टण आणि बाहेर प्लॅस्टिकचं आवरण. गाभ्यातला प्रकाश वेष्टणाच्या सीमेवर आपटला की पूर्णपणे आत परततो. असा उड्या मारत तो दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचतो. अट एकच, प्रकाश ठरावीक कोनाच्या आतच शिरला पाहिजे. वैद्यकीय फायबरसाठी हा कोन सरळ रेषेपासून साधारण १२ अंशांचा असतो. त्यापेक्षा तिरका शिरलेला प्रकाश गाभ्यात टिकत नाही, बाहेर गळतो.

ग्रामपंचायतीतलं फायबर आणि किडनीतलं फायबर

ऑप्टिकल फायबर हा शब्द आता खेड्यातही नवा नाही. भारतनेट योजनेत ग्रामपंचायतींपर्यंत इंटरनेट नेण्यासाठी जमिनीखालून टाकलेली केबल म्हणजे हेच. दोन्ही ठिकाणी सिलिका नावाची अतिशुद्ध काच असते. काम मात्र अगदी वेगळं.

इंटरनेटच्या फायबरमधला प्रकाश निरोप्या आहे. त्याला फक्त 'आहे' की 'नाही' एवढंच सांगायचं असतं, त्यामुळे त्याची शक्ती काही मिलीवॅट असते. गाभाही जेमतेम ९ मायक्रॉनचा. किडनीतल्या फायबरमधला प्रकाश हातोडा आहे. त्याची शक्ती इंटरनेटच्या प्रकाशापेक्षा लाखो पटींनी जास्त असते.

हिशेब करून पाहू

पथरीसाठी सर्वाधिक वापरला गेलेला लेझर म्हणजे होल्मियम याग. तो सतत जळत राहत नाही, प्रकाशाचे ठोके देतो. या प्रत्येक ठोक्याला पल्स म्हणतात.

समजा एका पल्समध्ये १ जूल ऊर्जा आहे आणि सेकंदाला १० पल्स निघतात. मग सरासरी शक्ती झाली १० वॅट, म्हणजे घरातल्या साध्या एलईडी बल्बएवढी. ऐकायला अगदीच किरकोळ.

पण ती १ जूल ऊर्जा सेकंदभर पसरलेली नसते. ती सुमारे ३५० मायक्रोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या जवळपास तीन हजाराव्या भागाएवढ्या वेळात बाहेर पडते. त्या क्षणाची शक्ती होते जवळपास २,९०० वॅट. आणि ही शक्ती २०० मायक्रॉनच्या गाभ्यातून जाते. त्या गाभ्याचं तोंड एका चौरस मिलिमीटरच्या बत्तिसाव्या भागाएवढं असतं. म्हणजे दर चौरस मिलिमीटरला सुमारे ९० किलोवॅट.

यवतमाळच्या उन्हाशी तुलना करा. भर दुपारचं कडक ऊन एका चौरस मीटरवर साधारण १,००० वॅट टाकतं. फायबरमधला प्रकाश त्या उन्हाच्या सुमारे ९ कोटी पट तीव्र असतो. तरी चांगलं फायबर त्यातून सहीसलामत राहतं. कारण शुद्ध सिलिका हा प्रकाश जवळजवळ शोषतच नाही. प्रकाश नुसता आरपार गेला तर काच तापत नाही. तो कुठेतरी अडला, शोषला गेला, तर मात्र तिथेच उष्णता तयार होते.

फायबर वाचवण्याचं अर्धं शास्त्र या एका वाक्यात आहे. उरलेलं अर्धं आहे वेळेत.

धरण तेच, पाणी तेच, पण दरवाजा किती वेळ उघडा?

बाभूळगाव तालुक्यातलं बेंबळा धरण डोळ्यांसमोर आणा. ठरावीक पाणी कालव्यात आठवडाभर हळूहळू सोडलं तर शिवार भिजतं. तेवढंच पाणी तासाभरात सोडलं तर कालवाच फुटेल. पाणी तितकंच, फक्त वेळ बदलली.

प्रकाशाचंही असंच आहे. आता दुसरा लेझर घेऊ. एनडी-याग नावाच्या लेझरला 'क्यू-स्विच' लावला की त्याची पल्स फक्त १० नॅनोसेकंदांची होते. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. या पल्समध्ये १० मिलिजूल ऊर्जा असेल, म्हणजे वरच्या होल्मियम पल्सच्या फक्त शंभरावा हिस्सा, तरी त्या क्षणाची शक्ती होते १० लाख वॅट. त्याच २०० मायक्रॉनच्या फायबरमध्ये ही पल्स होल्मियमच्या सुमारे ३५० पट तीव्र ठरते.

ऊर्जा शंभरपट कमी, तरी काचेला धोका जास्त! इतक्या तीव्रतेला प्रकाशाचं विद्युत क्षेत्रच काचेच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन ओढून काढू लागतं. मोकळे झालेले इलेक्ट्रॉन आणखी प्रकाश शोषतात, बारीकशी ठिणगी पडते आणि आतापर्यंत पारदर्शक असलेली काच त्या जागी फुटते.

म्हणून फायबर टिकेल की नाही हे विचारताना 'लेझर किती वॅटचा?' एवढा प्रश्न पुरत नाही. तीन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात:

- एका पल्समध्ये ऊर्जा किती?
- ती किती वेळात सोडली?
- ती किती जागेतून गेली?

जागेचा नियम सोपा आहे. गाभ्याची जाडी दुप्पट केली की तीव्रता चौपट कमी होते. पण फायबर जाड झालं की ते वळत नाही आणि दुर्बिणीतही मावत नाही. म्हणून वेळ वाढवणं हाच खरा उपाय ठरला.

पथरीच्या लेझरचा प्रवास

पहिला लेझर १९६० साली थिओडोर मेमन यांनी बनवला, तो रुबी म्हणजे माणकाच्या स्फटिकाचा होता. १९६८ मध्ये रुबी लेझरने मूत्रमार्गातला खडा फुटतो हे प्रयोगात दिसलं. पण उष्णता इतकी तयार होत होती की माणसाच्या शरीरात ते वापरणं शक्य नव्हतं.

१९८०च्या दशकात क्यू-स्विच लावलेले लेझर वापरून पाहिले गेले. नॅनोसेकंदाच्या पल्स दगड फोडत होत्या, पण बारीक लवचीक फायबरमधून त्या पाठवणं जमत नव्हतं. दगडाआधी फायबरच जायचं.

मग डॉक्टर आणि अभियंत्यांनी पल्स लांबवली. पल्स्ड डाय लेझर आला. त्याची पल्स सुमारे एक मायक्रोसेकंदाची, म्हणजे आधीच्या शंभरपट लांब. ती २०० मायक्रॉनच्या फायबरमधून सुखरूप जाऊ लागली आणि लेझरने पथरी फोडणं खऱ्या अर्थाने दवाखान्यात आलं. मात्र काही अतिकठीण खडे त्याला दाद देत नव्हते. १९९०च्या दशकात शेकडो मायक्रोसेकंदांची पल्स देणारा होल्मियम लेझर आला आणि जवळपास सगळ्या प्रकारच्या खड्यांवर चालू लागला.

होल्मियमच का?

इथे आणखी एक मजेशीर पेच आहे. होल्मियमच्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे २.१ मायक्रॉन असते. हा अवरक्त प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. पाणी तो चटकन शोषून घेतं. पाण्यात अर्ध्या मिलिमीटरच्या आतच त्याचा बहुतेक जोर संपतो. म्हणून टोक दगडाला टेकलेलं असेल तर दगड फुटतो, आणि काही मिलिमीटर दूर असलेली किडनीची भिंत पाण्यामुळे वाचते. पाणी हीच तिथली ढाल.

मग पाणी याहूनही जास्त शोषेल असा प्रकाश का घेऊ नये? एर्बियम याग लेझरची तरंगलांबी २.९४ मायक्रॉन आहे आणि पाणी तो कितीतरी जास्त शोषतं. अडचण अशी की सिलिका काच त्या प्रकाशाला पारदर्शक राहत नाही. तो फायबरच तापवतो. कार्बन डायऑक्साइड लेझरचंही तेच. त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, आणि साध्या काचेच्या फायबरमधून तो जातच नाही.

म्हणजे असा प्रकाश हवा जो काचेतून सहज जाईल, पण पाण्यात आणि दगडात मात्र अडेल. होल्मियम नेमका या दोहोंच्या मधे बसतो. तरीही त्यासाठी खास काच लागते. साध्या सिलिकात पाण्याचे अंश राहून जातात आणि ते हा प्रकाश शोषतात. म्हणून होल्मियमसाठी पाण्याचा अंश अगदी कमी असलेली काच वापरतात.

फायबर जळतं तरी कुठे?

फायबर मधल्या लांबीत सहसा बिघडत नाही. दुखणं बहुतेक वेळा तीन ठिकाणी असतं: प्रकाश शिरतो ते तोंड, जिथे फायबर वळतं ती जागा आणि दगडाजवळचं टोक.

*१. शिरण्याचं तोंड*

काचेच्या आतल्या भागापेक्षा तिचा पृष्ठभाग कमजोर असतो. घासून गुळगुळीत केलेल्या काचेवरही अतिसूक्ष्म ओरखडे आणि पॉलिशचे कण राहतात. त्यात धुळीचा कण किंवा बोटाचा तेलकट ठसा बसला की तो प्रकाश शोषतो, तापतो आणि काचेला डाग पाडतो. पुढची पल्स त्या डागावर पडते, डाग मोठा होतो. असं करत काही सेकंदांत अख्खं तोंड जळू शकतं. त्याचे उडालेले कण मशीनच्या आतल्या लेन्सवर बसून तिचंही नुकसान करतात. म्हणूनच अनेक मशीनमध्ये लेन्सपुढे बदलता येणारी संरक्षक काच बसवलेली असते.

दुसरा धोका नेम चुकण्याचा. मशीनची लेन्स लेझर एका बिंदूवर गोळा करते. हा बिंदू गाभ्यापेक्षा मोठा पडला किंवा बाजूला सरकला तर प्रकाश वेष्टणात आणि धातूच्या कनेक्टरमध्ये शिरतो. तिथे फायबर चिकटवलेला गोंद असेल तर तो जळतो आणि त्याचा धूर काचेवर बसतो.

तिसरा धोका उलटा आहे, बिंदू फारच लहान पडण्याचा. तसं झालं तर सगळी तीव्रता एका ठिपक्यात एकवटते. म्हणून प्रकाश गाभ्याच्या साधारण ७० ते ८० टक्के रुंदीत सारखा पसरवला जातो. जास्त शक्तीच्या कामात प्रकाशाचा सर्वांत टोकदार बिंदू काचेच्या आत न ठेवता तोंडाच्या जरा आधी, हवेत ठेवतात. त्यामुळे काचेत शिरताना किरण पसरत चाललेले असतात.

याशिवाय काही युक्त्या कारखान्यातच केल्या जातात. फायबरचं तोंड लेझरनेच वितळवून आरशासारखं करणं, तोंडाजवळ गोंद न लावणं आणि तोंडावर गाभा नसलेल्या काचेचा छोटा तुकडा जोडणं. या शेवटच्या युक्तीला एंड कॅप म्हणतात. कमजोर पृष्ठभागावर प्रकाश पसरलेला असावा आणि आत मजबूत काचेत गेल्यावरच तो एकवटावा, ही त्यामागची कल्पना.

*२. वळणाची जागा*

किडनीच्या खालच्या कप्प्यात खडा असेल तर दुर्बीण जवळजवळ उलटी वळवावी लागते. तिच्यासोबत फायबरही वळतं. वळण फार तीव्र झालं की प्रकाश सीमेवर ठरलेल्या कोनात आपटत नाही, वेष्टणात गळतो आणि प्लॅस्टिकचं आवरण जाळतो. काचेवर ताणही येतो. अशा वेळी पल्स सोडली तर फायबर दुर्बिणीच्या आतच तुटू शकतं आणि लाखो रुपयांची दुर्बीण निकामी होऊ शकते.

म्हणून डॉक्टर फायबर आत घालताना दुर्बीण सरळ ठेवतात आणि नंतर वळवतात. शक्य असेल तर खालच्या कप्प्यातला खडा बारीक जाळीच्या टोपलीत पकडून वरच्या सोप्या जागी आणतात आणि मग फोडतात. खालच्या कप्प्यासाठी पातळ फायबर निवडतात, कारण ते जास्त वळतं.

*३. दगडाजवळचं टोक*

इथे फायबर झिजणारच, हे धरूनच काम चालतं. प्रत्येक पल्सला टोकाशी वाफेचा बुडबुडा तयार होतो आणि फुटतो, दगडाचे कण उडून काचेवर आदळतात, उष्णताही असते. टोक हळूहळू खडबडीत होऊन मागे सरकतं. पल्सची ऊर्जा जितकी जास्त, तितकी झीज जास्त. पल्स लांब ठेवली तर झीज कमी होते आणि दगडही कमी उसळतो. टोक फार खराब झालं की ते खास कात्रीने कापून नवं करतात.

टोक दुर्बिणीच्या फार जवळ आलं तर बुडबुड्याचा धक्का दुर्बिणीच्या काचेला बसतो. त्यामुळे नियम पक्का आहे: फायबरचं टोक पडद्यावर स्पष्ट दिसल्याशिवाय पेडल दाबायचं नाही.

लाल-हिरवा ठिपका कशाला?

मुख्य लेझर अदृश्य असल्यामुळे त्याच्यासोबत कमी शक्तीचा लाल किंवा हिरवा प्रकाशही त्याच फायबरमधून सोडतात. डॉक्टरांना नेम कुठे आहे हे त्यावरून कळतं. याचा आणखी एक उपयोग आहे. ऑपरेशनआधी हा ठिपका पांढऱ्या कापडावर पाडून पाहतात. तो गोल, सारखा आणि ठळक असेल तर फायबर ठीक. फिकट, फाटलेला किंवा एका बाजूला झुकलेला असेल तर फायबरमध्ये दोष आहे. मधेच फायबरच्या अंगावर लाल चमक दिसली तर तिथे तडा गेलेला असतो.

काही फायबर एकदाच वापरायची असतात, काही निर्जंतुक करून पुन्हा वापरता येतात. पुन्हा वापरायच्या फायबरसाठी ही साधी तपासणी फार मोलाची ठरते. पुढे-मागे जाळण्यापेक्षा आधी बदललेलं बरं.

फायबर वाचलं तरी पेशंटचा विचार उरतोच. प्रकाशाची जवळपास सगळी ऊर्जा शेवटी उष्णता होते. किडनीतलं पाणी ४३ अंशांच्या वर बराच वेळ राहिलं तर पेशींना इजा होऊ लागते. म्हणून सलाईन वाहतं ठेवणं आणि लेझर मधे मधे थांबवणं हा कामाचाच भाग असतो.

नवा गडी: थुलियम फायबर लेझर

गेल्या काही वर्षांत थुलियम फायबर लेझर आला आहे. यात प्रकाश स्फटिकात तयार होत नाही, एका लांब बारीक फायबरमध्येच तयार होतो. त्यामुळे तो मुळातच सडपातळ आणि सुबक असतो. होल्मियमचा झोत रुंद असल्याने तो २०० मायक्रॉनपेक्षा बारीक फायबरमध्ये भरणं अवघड जातं. थुलियमचा झोत १५० मायक्रॉनच्या फायबरमध्येही सहज मावतो. फायबर बारीक झालं की दुर्बीण जास्त वळते आणि पाण्यालाही जास्त जागा मिळते.

त्याच्या पल्सची कमाल शक्ती सुमारे ५०० वॅट, म्हणजे होल्मियमपेक्षा बरीच कमी. पण त्याचा १.९४ मायक्रॉनचा प्रकाश पाणी सुमारे चौपट जास्त शोषतं, म्हणून कमी शक्तीतही काम होतं. फायबरच्या तोंडावरचा ताणही कमी. शिवाय हे मशीन साध्या प्लगवर चालतं, तर मोठ्या होल्मियम मशीनला जास्त विजेची वेगळी जोडणी लागते. लहान शहरांतल्या दवाखान्यांसाठी हा फरक मोठा आहे.

आणि नॅनोसेकंदच हवे असतील तर?

प्रत्येक कामात पल्स लांबवून चालत नाही. टॅटू काढायला नॅनोसेकंद किंवा त्याहून छोटी पल्स लागते, कारण शाईचा कण आजूबाजूची कातडी तापायच्या आत फुटला पाहिजे. अशा पल्सची शक्ती काही कोटी वॅटपर्यंत जाते. आणि इथे जाड फायबरही मदतीला येत नाही.

कारण अतितीव्र प्रकाश काचेचा गुणधर्मच किंचित बदलतो. झोताच्या मध्यभागी काच भिंगासारखी वागू लागते, प्रकाश स्वतःलाच आणखी एकवटतो आणि काच आतून फोडतो. सिलिकात साधारण १ मायक्रॉन तरंगलांबीला ही मर्यादा सुमारे ४० लाख वॅट आहे. ती एकूण शक्तीवर ठरते, जाडीवर नाही.

मग उपाय काय?

- फायबर वापरायचंच नाही. टॅटूच्या अशा मशीनला कोपरासारखे सांधे असलेला, आत आरसे बसवलेला हात असतो, तो याचसाठी.
- वाटून घ्यायचं. एक झोत अनेक फायबरमध्ये विभागून पाठवायचा.
- पोकळ फायबर. यात मधोमध काच नसतेच, हवा किंवा वायू असतो. भोवतीच्या खास रचनेमुळे प्रकाश त्या पोकळीतच राहतो. काचेला तो जेमतेम स्पर्श करतो, मग जाळणार काय?
- ताणून पुन्हा दाबायचं. १९८५ मध्ये डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू यांनी अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठात लेझर पल्स १.४ किलोमीटर लांब फायबरमधून नेऊन ताणली, मग तिची ऊर्जा वाढवली आणि शेवटी ती पुन्हा दाबून छोटी केली. तीव्रता कमी असतानाच पल्स मोठी केल्याने लेझरच्या भागांना इजा झाली नाही. या कामाला २०१८चं नोबेल मिळालं.

शेवटच्या उपायातही सूत्र बेंबळ्याच्या दरवाजाचंच आहे: वेळ वाढवा, तीव्रता उतरवा.

दवाखान्याबाहेर

हेच तंत्र भारतात अणुभट्ट्यांच्या दुरुस्तीतही वापरलं गेलं आहे. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत प्रौद्योगिकी केंद्राने फायबरमधून जाणारे पल्स्ड एनडी-याग लेझर विकसित केले. किरणोत्सर्ग असलेल्या ठिकाणी धातू कापायचा असतो, पण माणसाला तिथे जास्त वेळ थांबवता येत नाही. मग मशीन सुरक्षित जागी ठेवायचं आणि आत फक्त फायबर व त्याचं टोक न्यायचं. या लेझरच्या पल्सही लांबच असतात, कारण फायबरचे नियम किडनीत आणि अणुभट्टीत सारखेच.

थोडक्यात

- काच ऊर्जेने नाही, तर थोड्या वेळात आणि थोड्या जागेत कोंबलेल्या ऊर्जेने फुटते.
- पल्स लांबवली की तेवढ्याच फायबरमधून कितीतरी जास्त ऊर्जा सुरक्षित जाते. लेझरने पथरी फोडणं यामुळेच शक्य झालं.
- प्रकाश असा निवडावा लागतो जो काचेत अडत नाही आणि पाण्यात मात्र अडतो.
- फायबर बहुधा टोकांना आणि वळणावर बिघडतं. म्हणून स्वच्छता, अचूक नेम आणि जपून वळवणं महत्त्वाचं.
- ऑपरेशनआधी दिसणारा लाल-हिरवा ठिपका फायबरची तब्येतही सांगतो.

दोन-चार केसांएवढ्या काचेतून उन्हाच्या ९ कोटी पट तीव्र प्रकाश किडनीत जातो आणि बहुतेक वेळा पेशंट लवकरच घरी परततो. तरी ती वेळ न आलेलीच बरी. विदर्भाच्या उन्हाळ्यात शेतावर निघताना पाण्याची कॅन भरून सोबत घेणं, हा पथरीवरचा सर्वांत स्वस्त उपाय आजही कायम आहे.